बूट काढून आलेला माणूस

एल्मव्हिल, पेनसिल्व्हेनिया
२ मार्च १९८६

दादा,

फोनवर दीपा म्हणाली, "डॅड सेज ही इज नॉट होम, आत्या." आठ वर्षांची पोर तुझी, तिला खोटं बोलायला शिकवायचंच तर नीट तरी शिकव. तिच्या मागे तुझा खोकला ऐकू येत होता. त्याआधी फोन केला तेव्हा तू गॅरेजमध्ये होतास, त्याआधी आंघोळीला. म्हणून आता पत्र. शिरसाष्टांग नमस्कार यंदा नाही, मान दुखतेय असं समज.

श्रीरामचं लॅबचं कार्ड काढून घेतलंय. थँक्सगिव्हिंगला मी ज्याला पार्सिपनीला तुमच्याकडे घेऊन आले होते, अमरावतीचा, ज्याने जेवण झाल्यावर तुझ्या वॉशिंग मशीनचा पट्टा बदलून दिला, तोच. चौकशी संपेपर्यंत त्याने भट्टीच्या खोलीत जायचं नाही, मोठ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. भट्टीशिवाय प्रयोग नाही, प्रयोगाशिवाय प्रबंध नाही, आणि प्रबंध अडला की पुढच्या वर्षीचा व्हिसा अडला. चार वर्षं घासून माणूस हात हलवत अमरावतीला परत जाईल. आमचं काम काय, तर इंजिनातल्या पात्यांवर असा थर चढवायचा की ती आगीत वितळणार नाहीत. बाबा गावभर सांगतात ना, पोरगी अमेरिकेत कल्हई शिकते म्हणून, तेच. त्या कल्हईवरून आता राष्ट्राची सुरक्षा धोक्यात आली आहे. गेलं वर्षभर इथल्या पेपरात दर महिन्याला एक नवा हेर सापडतोय, त्यामुळे लोकांना आता दूधवालाही हेर वाटायला लागलाय.

श्रीरामला एका खोलीत बसवलं होतं. सरकारची दोन माणसं, अगदी सभ्य. कॉफी दिली. मग विचारलं, त्या इराणी मुलाकडे रोज संध्याकाळी काय चालतं? (जेवण चालतं. बेहरूझ आणि तो एकाच ऑफिसात बसतात आणि आळीपाळीने भात लावतात.) रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुठे असता? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुठे असता? इथे शिकून सगळं घेऊन परत जायचा विचार आहे, हे खरं का? आणि शेवटी, तुमचे वडील तुरुंगात होते, गुन्हा काय होता?

हे सगळं त्याने मला माझ्या घराच्या पायरीवर बसून सांगितलं. वडिलांच्या प्रश्नाला मी आधी हसले. मग त्याला सगळे प्रश्न पुन्हा सांगायला लावले, कारण ही सगळी यादी याच क्रमाने मी जानेवारीत एकदा ऐकली होती. तुझ्याच घरच्या फोनवर, तुझ्या सासूबाईंच्या तोंडून.

पद्मिनीमावशींनी मला मोठ्या आनंदाने फोन केला होता. "अगं सुमेधा, तुझ्या त्या श्रीरामला मोठी मागणी आहे हो! परवा दुपारी एक माणूस चौकशीला आला होता. विनीता आणि जावईबापू दोघं कामावर. गोरा, उंच, टाय लावलेला. आणि मी काही म्हणायच्या आत दाराशी बूट काढले त्याने! मी म्हटलं, हा आपल्यातल्याच कुणीतरी पाठवलेला. इथे घराला एजंट, विम्याला एजंट, मग लग्नाला का नसेल? त्याने खिशातून कसलंसं कार्ड दाखवलं, पण माझा चष्मा आत राहिला होता."

मुलगा कसा आहे, मित्र कोण, सवयी काय, घराणं कसं, पुढचा विचार काय. मावशी म्हणाल्या, हेच तर आपण विचारतो. आणि वहिनीच्या धाकट्या बहिणीसाठी, रेखासाठी, तुमच्या सगळ्यांच्या मनात श्रीराम भरलेला. तूच मला तेव्हा स्वयंपाकघरात विचारलं होतंस, "कसा आहे गं हा, रेखासाठी?" मी भांडी पुसत होते. बरा आहे म्हणाले.

तर मावशींनी ठरवलं की कुणी अमेरिकेतली बडी पार्टी मुलगा पळवायला बघतेय, आणि त्यांनी भांजी मारली. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, एकेक वाक्य व्याकरणशुद्ध. मुलगा इराण्याकडे पडलेला असतो, काहीबाही खातो. रात्र-रात्र घरी नसतो. रशियन वाचतो, म्हणजे विचारांचा काही भरवसा नाही. इथे राहायचं नाहीच म्हणतो, शिकून परत जाणार, मुलीचे हाल होतील. आणि बाप तुरुंगात जाऊन आलेला आहे. "असा पत्ता कापला की तो परत यायचा नाही," असं म्हणून त्या फोनवर हसत होत्या. मीही हसले होते, दादा. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

आता तुझ्याकडे मागणं एकच. डीनच्या नावाने एक पत्र लिही. तू अमेरिकन नागरिक आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. लग्नाची चौकशी म्हणजे काय, भांजी म्हणजे काय आणि आमच्याकडे मुलगा हातचा जाऊ नये म्हणून चांगल्या घरची बाईसुद्धा त्याच्याबद्दल काय काय सांगते, हे त्यांना समजावून सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, ही त्याच्याच टोळीतली.

वहिनीला नमस्कार. मावशींना अजून काही बोलू नकोस, त्यांची झोप उडेल.

सुमेधा


१९ मार्च १९८६

दादा,

फोन केलास, उपकार झाले. तू जे बोललास ते मी फोन ठेवल्यावर लगेच लिहून काढलं, म्हणजे पुढे "मी असं म्हणालोच नव्हतो" व्हायला नको.

"सुमे, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड. आपण इथे पाहुणे आहोत." कोण पाहुणे? तू शपथ घेतलीस तेव्हा मावशींनी पेढे वाटले, पासपोर्टाची पूजा केली. नागरिक झालास आणि तरी पाहुणाच राहिलास? पाहुणा म्हणून गप्प बसायचं आणि नागरिक म्हणूनही गप्पच बसायचं, तर शपथ कशासाठी घेतलीस?

"ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने घाबरायचं कशाला?" तुझ्या बेडरूमला पडदे आहेत की नाहीत? आणि तुझ्याकडे जर लपवण्यासारखं काही नाही, तर तू गॅरेजमध्ये का लपतोस?

"देश कठीण काळातून जात असला की थोडं सोसावं लागतं." हे वाक्य मला पाठ आहे. आणीबाणीत तू इथून बाबांना असंच लिहिलं होतंस. देशाला जरा शिस्त हवीच होती, गाड्या वेळेवर धावतात हे काय कमी आहे, वगैरे. बाबांनी ते पत्र मला वाचायला दिलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्याच दिवसांत तिकडे अमरावतीला श्रीरामच्या वडिलांना, एकनाथमास्तरांना, शाळेतून उचलून नेलं. चौकात उभं राहून बोलले, एवढाच गुन्हा. दीड-दोन वर्षं आत काढली. सुटून आले तेव्हा सगळ्या गावाने हार घातले. ज्या तुरुंगासाठी तिकडे हार मिळतात, त्याच तुरुंगावरून इकडे पोराचं कार्ड काढून घेतात. आणि सोसणाऱ्यांत तू दोन्ही वेळा नव्हतास, हे जरा लक्षात घे.

मग शेवटी खरं कारण बाहेर आलं. तुझ्या कंपनीत संरक्षण खात्याचं नवं काम आलंय, तुला त्यात वरची जागा मिळतेय आणि त्यासाठी तुझी स्वतःची चौकशी व्हायची आहे. "नेमक्या याच वेळी माझं नाव त्या मुलाच्या फाइलला नको, यार." बहिणीला यार म्हणालास, म्हणजे किती घाबरला आहेस ते कळलं. हे आधी सांगितलं असतंस तर पहिली तीन वाक्यं वाया गेली नसती.

मावशींना तू अखेर सांगितलंस ना? बरं केलंस की वाईट, मला कळत नाही. त्यांनी त्या माणसाचा नंबर शोधून काढला आणि त्याला फोन केला. म्हणाल्या, "मी खोटं बोलले, मुलगा हिरा आहे, माझ्या मुलीला करायचा होता म्हणून बोलले." दुसऱ्याच दिवशी श्रीरामला पुन्हा खोलीत बसवलं. पार्सिपनीचे ते लोक आता वेगळं का सांगताहेत? तुम्ही त्यांच्यावर दबाव आणला का? बिचाऱ्या मावशी. वाईट सांगितलं ते एका दिवसात खरं झालं, आणि खरं सांगितलं तर त्याचा संशय आला.

मी श्रीरामला म्हटलं, मी दादाला परत विचारते, तो लिहील. तो तांदूळ निवडत होता. म्हणाला, "काय लिहिणार आहेत ते? रशियन मला येतं. पुण्यात संध्याकाळचे क्लास करून शिकलो, कारण या विषयातलं निम्मं चांगलं काम त्या भाषेत आहे. बेहरूझ माझा फ्रेंड आहे. रात्री मी भट्टीपाशी असतो. परत जायचं म्हणतो, तेही खरंच आहे. आणि बाबा जेलमध्ये होते, मला त्याचा गर्व आहे बाप्पा. यातलं कोणतं मी डिनाय करू? तुझ्या मावशींनी माझ्याबद्दल एकही खोटी गोष्ट सांगितलेली नाही."

मी इतके दिवस "तो तसा नाही" हे सिद्ध करायला धावत होते. तो तसाच आहे, आणि तसं असायला कुणाची परवानगी लागू नये, हे मला सुचलंच नव्हतं. तेव्हा माझं मागणं मी मागे घेते. पत्र लिहू नकोस. तुझ्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्याची त्याला गरज नाही.

आणि एक. लॅबने सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांपुढे एक कागद ठेवला. सहकाऱ्यांच्या वागण्यात काही वेगळं दिसलं तर मी वर कळवीन, अशा अर्थाचा. आमच्यातल्या एका चिनी मुलाने सही केली, बेहरूझनेही केली, मी दोघांनाही दोष देत नाही. मी केली नाही. त्यामुळे माझंही कार्ड गेलं. हे शेवटी लिहिलं, कारण आधी लिहिलं असतं तर तू बाकीचं वाचलंच नसतंस, थेट फोन करून ओरडला असतास. आता ओरड.

सुमेधा


२७ एप्रिल १९८६

दादा,

तू ओरडलास, मी ऐकलं, फिटंफाट झाली. "बाबांना काय तोंड दाखवू" म्हणालास. बाबांना मी आधीच लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलंय. एरवी चार पानं लिहिणारा माणूस, या वेळी एकच ओळ: "कल्हई बिघडली तर पुन्हा करता येते." ते पत्र मी भिंतीला चिकटवून ठेवलंय.

आता क्लीव्हलंडची हकीकत माझ्याकडूनच ऐक, नाहीतर मंडळाच्या काकू लोकांकडून ऐकशील तेव्हा त्यात पोलीस आणि हातकड्याही असतील.

आमचा निबंध तिथल्या परिषदेत वाचायचा होता. वर तीन नावं: आमचे प्रोफेसर हॅलोरन, श्रीराम आणि मी. निबंध गुप्त वगैरे अजिबात नाही, विद्यापीठातलं उघडं काम. पण परिषदेच्या दोन आठवडे आधी वरून निरोप आला की आमच्या विषयाची बैठक फक्त अमेरिकन नागरिकांसाठी राहील. म्हणजे असं बघ, निबंध आम्ही लिहिला, आकडे आम्ही काढले, भट्टीशी माझा हात भाजला त्याचा डाग अजून आहे. आणि तो निबंध आमच्या कानावर पडला तर देश धोक्यात येणार. वरून हॅलोरनना बजावलं की यातलं काही परदेशी माणसाला सांगू नका. त्यांनी मला आणि श्रीरामला समोर बसवलं आणि म्हणाले, "मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती तुम्हीच मला शिकवली असल्यामुळे ती सांगायला मला मनाई आहे."

आम्ही तरी गेलो. बसने, घरून मेथीचे ठेपले बांधून.

हॉटेलात त्या हॉलच्या दाराशी एक बाई टेबल टाकून बसली होती, पासपोर्ट बघून आत सोडत होती. बिचारी शरमलेली. माझी साडी बघून तिने विचारलंही नाही, नुसती मान हलवली. मी मुद्दाम साडी नेसले होते, आईची ती गडद हिरवी. परदेशीच दिसायचं तर चांगलं तरी दिसावं.

दाराबाहेर लांब कॉरिडॉर होता आणि त्याला मोठ्या थोरल्या खिडक्या. ऊन स्वच्छ पडलं होतं. श्रीराम खिडकीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सुमेधा, ट्रान्सपरन्सी काढ." प्रोजेक्टरवर ठेवायच्या त्या पारदर्शक पट्ट्या आम्ही बरोबर आणल्या होत्या, हॅलोरन आत जुना संच वापरणार होते. पहिली पट्टी त्याने काचेला टेपने चिकटवली. मागून ऊन आलं आणि आलेख इतका लख्ख दिसला की तसा हॉलमध्येही दिसला नसता. मग दुसरी, मग तिसरी. अख्खी खिडकी भरली.

आधी तीन-चार जण थांबले. एक जपानी म्हातारे, दोन पोलिश, आपला एक तमिळ मुलगा, सगळे दाराबाहेर राहिलेले. श्रीरामने बोलायला सुरुवात केली. आवाज मुद्दाम चढवला नाही, पण कुजबुजलाही नाही. मग कॉफीची सुट्टी झाली, हॉलचं दार उघडलं आणि आतले अमेरिकन बाहेर आले. त्यांतले कितीतरी कप हातात घेऊन तिथेच उभे राहिले. सुट्टी संपली तरी सगळे आत गेले नाहीत. दाराशी टेबल टाकून बसलेली ती बाई खुर्ची वळवून ऐकायला बसली, खरं सांगते.

दुसरा भाग माझा होता. मी पदर खोचला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बोलले. प्रश्नही आले. हॅलोरन आत आपली पाळी असताना गेलेच नाहीत. त्यांनी आतल्या अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली की माझा निबंध बाहेर चालू आहे, ज्यांना ऐकायचा त्यांनी बाहेर यावं. मग आमच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि पट्ट्या सरकायला लागल्या की हाताने दाबून धरत राहिले.

एक कोटवाला माणूस लांबून टिपणं घेत होता, निबंधाची नव्हे. त्याला मी ठेपला दिला. त्याने घेतला.

शेवटी हॉटेलचा मॅनेजर आला तेव्हा वाटलं, आता संपलं. त्याची तक्रार एवढीच की काचेवर टेपचे डाग राहतात. मी आणि श्रीराम रुमाल ओला करून खिडकी पुसत बसलो. पुसता पुसता तो काहीतरी बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादा, मला वाटलं होतं की मला भीती वाटेल. वाटलीही. पण परतीच्या बसमध्ये मी इतकी शांत झोपले, की चार वर्षांत तशी झोपले नव्हते.

सुमेधा


८ जून १९८६

दादा,

हे पत्र तू उभ्याने वाचू नकोस. बस आणि वाच.

मंगळवारी तुझा फोन आला. मार्चनंतर पहिल्यांदा "सुमे" म्हणालास आणि मला भरून आलं, आधी हेच सांगते. म्हणालास, "उद्या-परवा तुझ्याकडे एक माणूस येईल. माझ्या क्लिअरन्सचं आहे. बाकी सगळं झालंय, फक्त तुझं राहिलंय. दोन चांगले शब्द सांग. खोटं सांगू नकोस, खरंच जे चांगलं आहे तेवढं सांग." तुझा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

तो काल आला. त्याने नाव सांगितलं, पण मी ते इथे लिहीत नाही, हल्ली मी कुणाची नावं देत नाही. तरुण, केस नीट विंचरलेले. आणि दादा, त्याने दाराशी बूट काढले. मी न सांगता. मावशींकडे आलेला तोच होता का, मी विचारलं नाही. तोच असेल, किंवा त्यांना तसं शिकवत असतील. मोज्यांनी आत आला, मी चहा केला, चिवडा दिला. चिवडा त्याला आवडला.

मग त्याने वही उघडली आणि विचारलं, "तुमचे भाऊ दिगंबर कसे आहेत?"

तुला शपथेवर सांगते, सगळं तोंडाशी आलं होतं. वाईट सांगायचं असतं तर मावशींच्या वरताण भांजी मारली असती, मसाला भरपूर होता. पण त्याचा मोह मला झाला नाही, मोह झाला तो चांगलं सांगायचा. दोन वाक्यं. माझा भाऊ प्रामाणिक आहे, या देशाशी इमानी आहे. दोन्ही खरी आहेत. तुझं काम झालं असतं, आपलं भांडण मिटलं असतं, दिवाळीला मी तुमच्याकडे आले असते.

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर त्यालाच विचारा."

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही काहीच बोलला नाहीत तर त्यांना मदत होणार नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे."

मग त्याने विचारलं, ते इंडियाला पैसे पाठवतात का? घरी कुणाकुणाला बोलावतात? तुमच्या वडिलांची मतं काय? आणि मग तुझ्यावरून हळूच सरकत, "श्रीरामशी तुमचं नातं काय?" तेव्हा मला नीट कळलं की मी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं. भावाबद्दल बोललात, मग याच्याबद्दल का नाही? याच्याबद्दल बोललात, मग बेहरूझबद्दल? एकदा तोंड उघडलं की मग गप्प बसणं हाच पुरावा होतो. मावशींचं तेच झालं. त्या दुष्ट थोड्याच आहेत? घरी आलेल्या माणसाने विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, एवढंच.

मी प्रत्येक प्रश्नाला तेच सांगितलं, त्यांना विचारा. त्याने वही मिटली, चहाबद्दल आभार मानले, बूट घातले आणि गेला. जाताना म्हणाला, "मला लिहावं लागेल की सख्ख्या बहिणीने भावाबद्दल बोलायला नकार दिला." मी म्हटलं, लिहा.

ती जागा कदाचित तुला मिळणार नाही. ती माझ्यामुळे जाईल, हे मला ठाऊक आहे, आणि तरी उद्या तो परत आला तर मी हेच करेन. तू म्हणशील, त्या मुलासाठी भावाला बुडवलं. तसं नाही रे. श्रीरामबद्दल कुणाला सांगायचं नाही म्हटल्यावर तुझ्याबद्दल तरी कसं सांगू? ज्या दाराशी मी त्याच्यासाठी उभी राहिले, त्याच दाराशी तुझ्यासाठीही उभी आहे. तुला तिथे उभं राहिलेलं कुणी नको होतं, हा भाग वेगळा.

आता त्या माणसाच्या प्रश्नांची उत्तरं. त्याला दिली नाहीत, तुला देते.

माझा भाऊ घाबरट आहे. खोकला आवरत नाही आणि तरी घरी नाही म्हणून सांगतो. बातम्या लागल्या की आवाज कमी करतो. माझा भाऊ मला घ्यायला केनेडी विमानतळावर आला तेव्हा जानेवारी होता, मी पातळ शाल पांघरून उतरले. त्याला ते आधीच ठाऊक असणार, कारण त्याने स्वतःचा कोट हातावर धरला होता आणि आपण स्वेटरवर कुडकुडत उभा होता. तो कोट मी अजून वापरते. आई गेली तेव्हा त्याला जाता आलं नाही, त्या रात्री त्याने मला फोनवर तिच्या हातच्या आमटीची कृती विचारली आणि फोन न ठेवता ती केली. तो इंडियाला पैसे पाठवतो, बाबांनी नको म्हटलं तरी पाठवतो. त्याचं या देशावर प्रेम आहे, पण तो या देशाला घाबरतो. आणि इतकं घाबरायला लावणाऱ्या नोकरीत त्याने जाऊ नये, असं त्याच्या बहिणीला वाटतं. हे सगळं खरं आहे आणि यातला एक शब्दही कुणाच्या वहीत जाणार नाही.

श्रीरामचं कळवते. कार्ड परत मिळालं नाही. हॅलोरननी त्याचा विषय बदलून दिला, तो आता संडासाच्या भांड्यांवरच्या चकाकीचा अभ्यास करतोय. त्यावर अजून तरी देशाची सुरक्षा अवलंबून नाही. दोन वर्षं मागे गेला, व्हिसा एकेका सत्राचा मिळतो. तो हसतो, पण मी त्याला रात्री जुन्या आलेखांकडे बघत बसलेला पाहिलंय. मीही त्याच विषयात शिरलेय. बाबांना लिहिलंय की कल्हई पुन्हा सुरू केली.

आणि त्याच्याशी माझं नातं काय, त्याचं उत्तर. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. क्लीव्हलंडला खिडकी पुसताना त्याने विचारलं होतं, मी हो म्हणाले होते. तुझ्या स्वयंपाकघरात भांडी पुसताना मी "बरा आहे" म्हणाले होते ना, तेव्हाही मला तो फार आवडत होता. मावशींना मीच सांगेन. रेखाला दुसरा मुलगा मिळेल, या वेळी भांजी मारायला मी आहे की.

तू मुलीकडचा. आई नाही, बाबा लांब, तेव्हा चौकशी करणं तुझ्याच वाट्याला येतं. तर ये. माणूस पाठवू नकोस, तू ये. त्याच्यासमोर बस, माझ्यासमोर बस, मित्र कोण, घराणं कसं, रात्री कुठे असतोस, बाप तुरुंगात का गेला होता, सगळं विचार. तू विचारलंस तर तो सगळं सांगेल, मीही सांगेन. कधीही ये, चिवडा आहे. तो माणूस बूट काढून आला होता. तू बूट घालून आलास तरी चालेल, पण ये.

तुझी
सुमे